तीन गोळ्यांनीही न उतरणारं बीपी आणि रात्री अडकणारा श्वास

बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी आहे, डोस चुकत नाही, लोणचं-पापड बंद केलंय, तरी वरचा आकडा १५०च्या खाली येत नाही. असा रुग्ण दवाखान्यात आला की त्याचं बीपी दिवसा, जागेपणी, खुर्चीत बसवून मोजलं जातं. बिघाड मात्र अनेकदा रात्रीचा असतो आणि त्याचा साक्षीदार असतो शेजारी झोपणारा माणूस. ‘हे घोरतात, मग एकदम शांत होतात, मग दचकून मोठा श्वास घेतात’ हे घरच्यांना वर्षानुवर्षं ठाऊक असतं, पण केसपेपरवर त्याची नोंद नसते. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असंच आपण धरून चालतो.

उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचा विकार असतो. तीन औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही ज्यांचं बीपी उतरत नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणून चौथी गोळी सुरू होण्याआधी रात्र तपासून घ्यायला हवी.

रात्री नेमकं काय होतं

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. जीभ मागे सरते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबते. वाट अर्धवट मिटली की घोरणं ऐकू येतं. पूर्ण मिटली की आवाजच बंद होतो. छाती आणि पोट श्वास ओढायची धडपड करत असतात, पण हवा आत जात नाही. हे किमान १० सेकंद चाललं तर त्याला एक अ‍ॅप्निया धरतात. ३०-४० सेकंदांचे थांबेही दुर्मीळ नाहीत.

या काळात रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मानेतल्या मोठ्या धमनीजवळची संवेदक पेशींची गाठ मेंदूला इशारा देते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मेंदू अर्धवट जागा होतो, घसा उघडतो आणि नेमक्या त्याच क्षणी रक्तदाब उसळतो. माणूस लगेच पुन्हा झोपतो, सकाळी त्याला काही आठवत नाही. तासाला ३० वेळा हे घडत असेल तर सहा तासांच्या झोपेत १८० वेळा बीपी उसळलेलं असतं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती विश्रांती इथे मिळत नाही. पुढे ही आवळलेली अवस्था दिवसाही टिकून राहते आणि गोळ्या तोकड्या पडतात.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या पोकळीत जोराचं शोषण तयार होतं. त्यानं हृदयाच्या पातळ भिंतीचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणलेला कप्पा लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतो, म्हणून रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. याचा दोष साखरेला किंवा प्रोस्टेटला दिला जातो आणि खरं कारण मागे राहतं. वर्षानुवर्षांच्या या ताणातून हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, बळावतो. त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की हृदयविकारानं येणारा अचानक मृत्यू सर्वसाधारण लोकांत सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत जास्त असतो, तर स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांत तो मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत जास्त आढळतो.

पहिली पायरी: घरच्यांनी करायची नोंद

एक आठवडा पुरे. फोन उशाशी ठेवून दोनदा आवाज किंवा व्हिडिओ रेकॉर्ड करा: एकदा झोप लागल्यावर दोन तासांनी, एकदा पहाटे चार-पाचच्या सुमाराला. पहाटेचं रेकॉर्डिंग टाळू नका. स्वप्नांच्या झोपेचा मोठा भाग रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात येतो, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात आणि थांबे लांबतात. कॅमेरा बाजूनं धरा, चेहरा, छाती आणि पोट एकत्र दिसलं पाहिजे. आवाज बंद झाल्यावर मनात सेकंद मोजा. छाती-पोट हलतंय पण आवाज नाही, हे दृश्य डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जातं.

मग हे आठ प्रश्न, प्रत्येक ‘हो’ला एक गुण:

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं मोठं घोरणं आहे का?
२. दिवसा थकवा किंवा पेंग येते का?
३. श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का?
४. बीपी आहे किंवा त्यावर उपचार चालू आहेत का?
५. बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५च्या वर आहे का?
६. वय ५०च्या वर आहे का?
७. मानेचा घेर ४० सेंमीपेक्षा जास्त आहे का? शिंप्याची टेप कंठमण्याच्या पातळीवर धरून मोजा.
८. पुरुष आहात का?

दोनपर्यंत धोका कमी, तीन-चार मध्यम, पाच आणि पुढे जास्त. बीपी असलेला पन्नाशीपुढचा पुरुष काहीही न विचारता तीन गुणांवर असतो, हे लक्षात ठेवा. ही यादी परदेशातली. आपल्याकडे जबड्याची ठेवण लहान असलेली माणसं बरीच, त्यामुळे बीएमआय २७-२८ असतानाही हा विकार सापडतो. ‘मी काही जाडा नाही’ म्हणून सुटका नाही.

बायकांबाबत ही यादी आणखी तोकडी पडते. त्यांचं घोरणं हळू असतं. तक्रार असते झोप न लागण्याची, सकाळी डोकं जड असण्याची, दिवसभर अंगात त्राण नसल्याची. पाळी थांबल्यानंतर धोका झपाट्यानं वाढतो. पन्नाशीच्या बाईला ‘टेन्शन आहे’ म्हणून झोपेची गोळी देण्याआधी हा विचार व्हायलाच हवा, कारण त्यातल्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात. आणि हृदयविकार असलेल्या बऱ्याच रुग्णांना दिवसा पेंग येतच नाही. पेंग नाही म्हणून तपासणी टाळू नये.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर दिवसा लावून ९८ बघण्यात मात्र अर्थ नाही. जागेपणी घसा उघडाच असतो.

दुसरी पायरी: बीपी नीट मोजणं

गोळ्यांना दाद न देणारं बीपी म्हणून आलेल्यांतल्या काहींचं बीपी फक्त चुकीचं मोजलेलं असतं. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर ३२ सेंमीच्या वर असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून, पाय न अडकवता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर, शर्टाच्या बाहीवरून नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर बीपी ताब्यात नाही. रात्रीपेक्षा सकाळचे आकडे सतत चढे असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

शक्य असेल तर २४ तासांचं बीपी मोजणारं यंत्र लावून घ्या. त्यात झोपेतली सरासरी १२०/७०च्या खाली असायला हवी आणि दिवसाच्या तुलनेत किमान १० टक्के उतार दिसायला हवा.

तिसरी पायरी: स्लीप स्टडी

छातीचे, कान-नाक-घशाचे किंवा झोपविकारांचे तज्ज्ञ ही तपासणी लिहून देतात. दोन प्रकार आहेत. घरी करायच्या चाचणीत नाकाला नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर असतो. प्रयोगशाळेतल्या चाचणीत याशिवाय मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटी व पायाचे स्नायू आणि ईसीजी नोंदवला जातो. लक्षणं ठळक असतील आणि दुसरा मोठा आजार नसेल तर घरची चाचणी चालते. हृदय कमजोर झालेलं असेल, पक्षाघात होऊन गेला असेल किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर प्रयोगशाळेतलीच करा, कारण अशांना घसा उघडा असूनही मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा न सुटण्याचा वेगळा प्रकार असू शकतो.

घरची चाचणी आजार कमी दाखवते. तुम्ही दोन तास जागे पडून राहिलात तरी यंत्र ते तास झोपेतच धरतं आणि दर तासाचा आकडा खाली येतो. लक्षणं ठळक आणि अहवाल साफ, असं झालं तर तिथे थांबू नका, प्रयोगशाळेतली चाचणी मागा. चाचणीच्या दिवशी नेलपॉलिश काढा, दारू घेऊ नका, बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या आणि थोडा वेळ तरी उताणं झोपा.

अहवालात पहिल्यांदा बघायचा आकडा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. ५च्या खाली सामान्य, ५ ते १४ सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० आणि वर तीव्र. एवढ्यावर अहवाल मिटवू नका. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली एकूण किती वेळ होता, ते हृदयासाठी फार महत्त्वाचं. उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवरचा एएचआय वेगळा दिलाय का, तेही पाहा. उताण्याचा दुप्पट असेल तर कूस बदलून झोपणं हा उपचाराचा खरा भाग ठरतो.

याच वेळी डॉक्टरांकडे ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉईडबद्दल विचारा. अंगातलं मीठ-पाणी सांभाळणारी संप्रेरकं मोजणाऱ्या अल्डोस्टेरॉन-रेनिन चाचणीचं नावही काढा: २०१६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीपी आणि स्लीप अ‍ॅप्निया एकत्र असलेल्यांत ती करायला सांगितली आहे. अल्डोस्टेरॉन जास्त असेल तर अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि घसाही सुजतो. तिथे अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध नेमकं काम करतं. मात्र पोटॅशियमवर लक्ष ठेवूनच.

चौथी पायरी: सीपॅप, आणि ते टिकवणं

मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपाय सीपॅप. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत जगापुढे मांडली. नाकातून सतत दाबाची हवा सोडायची. ती घशाला आतून आधार देते आणि घसा मिटत नाही. दाब पाण्याच्या ४ ते २० सेंमी इतका ठेवता येतो आणि तो तज्ज्ञांनी ठरवायचा असतो.

बरीच मशीन्स लवकरच कपाटात जातात, आणि त्याचं एक मोठं कारण मास्क. दुकानातून आणलेला पहिलाच मास्क बसेल असं नाही. दोन-तीन मापं चेहऱ्यावर, आडवं पडून, मशीन चालू ठेवून बघा. बसून पट्टे आवळले तर आडवं झाल्यावर गळती होते. मग माणूस ते आणखी आवळतो, मास्कची मऊ गादी चुरगळते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. पट्टे सैल करून मास्क जरा पुढे ओढून परत बसू द्या. दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणारा प्रकार बघा. गुदमरल्यासारखं वाटत असेल तर आठवडाभर रोज संध्याकाळी टीव्ही बघताना वीस मिनिटं मशीन चालू ठेवून मास्क लावा, मग दुपारच्या डुलकीला, मग रात्री.

सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर झोपेत तोंड उघडतंय: नाक बंद आहे का बघा, नाहीतर नाक-तोंड झाकणारा मास्क घ्या. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचा फवारा किंवा डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे चालतो. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपुढे नकोत, नाक आणखी चोंदतं. पोटात हवा भरून ढेकर येत असतील तर दाब जास्त असू शकतो, तज्ज्ञांना सांगा.

मशीनला जोडलेलं, हवा दमट करणारं यंत्र (ह्युमिडिफायर) कोकणात पावसाळ्यात कमी ठेवा, विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत वाढवा. नळीत पाणी गुडगुडत असेल तर मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा आणि नळीला कापडी आवरण घाला. टाकीत डिस्टिल्ड पाणीच. नळाच्या पाण्याचे पांढरे थर बसतात. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी वाळवायची, मास्कची गादी सौम्य साबणानं धुवायची, नळी आठवड्यातून एकदा. रात्री वीज जात असेल तर मशीन इन्व्हर्टरवर जोडा आणि पाण्याचा हीटर बंद ठेवा. जास्त वीज तोच खातो.

वापरलेलं मशीन स्वस्तात घेताना जपा. फिलिप्सनं जून २०२१मध्ये आतला फोम झिजून कण हवेत येण्याच्या धोक्यामुळे लाखो मशीन्स जगभरातून परत मागवली होती. मॉडेल आणि सिरीयल नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोविडनंतर घरात पडून असलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावून काम भागेल का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. भागत नाही. २०१४च्या एका चाचणीत सीपॅपनं रक्तदाब उतरला, नुसत्या ऑक्सिजननं उतरला नाही. घसा मिटलेलाच राहतो.

किती तास, आणि त्यानं काय मिळतं

इथे खोटी आशा देणं योग्य नाही. सीपॅपनं बीपी सरासरी २ ते ३ अंकांनी उतरतं. तीव्र आजार, दाद न देणारं बीपी आणि रोजचा वापर असेल तर जास्त. त्यामुळे गोळ्या बंद होतील असं धरून चालू नका. २०१६च्या ‘सेव्ह’ चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ जणांत सीपॅपनं नवे झटके कमी झाले नाहीत. पण त्यात सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. मास्क रात्री दोनला काढला, तर लांब थांबे येणारी पहाट पूर्ण उघडी राहते. रोज किमान चार तास ही हिशेबाची खालची रेघ आहे; झोपेचे सगळे तास हे उद्दिष्ट. मशीनच्या अ‍ॅपवर दर आठवड्याला तीन गोष्टी बघा: वापराचे तास, गळती आणि उरलेला एएचआय. शेवटचा ५च्या खाली हवा.

सुरू केल्यावर पहिले दोन महिने बीपीची वही नेमानं लिहा. उठताना चक्कर, वरचा आकडा ११०च्या खाली, असं दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. गोळी कमी करणं त्यांच्या हातात. गोळी सकाळी की रात्री, हाही प्रश्न येतो. २०२२ साली ब्रिटनमधल्या २१ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत दोन्ही वेळांत झटक्यांच्या बाबतीत फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती चांगली. लघवी वाढवणारी गोळी मात्र सकाळीच.

हृदय कमजोर असेल आणि इकोवर पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असेल, तर एएसव्ही नावाचं वेगळं मशीन कुणी सुचवल्यास हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. २०१५च्या चाचणीत अशा, मेंदूकडून श्वास थांबण्याचा प्रकार असलेल्या रुग्णांत त्यानं मृत्यू वाढल्याचं दिसलं.

मशीनच्या जोडीनं

वजन १० टक्के घटलं तर एएचआय साधारण २६ टक्के घटतो. ८५ किलोच्या माणसासाठी हे साडेआठ किलो झाले. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र आजारासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये मान्यता मिळाली; ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, भाजी-आमटीसकट. लोणचं, पापड, फरसाण, सुकट यांचा हिशेबही यातच. मिठाचा इथे दुहेरी त्रास आहे: दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घसा अरुंद करतं. पाय सुजत असतील तर संध्याकाळी अर्धा तास चाला, रात्री खारट खाऊ नका आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे द्या. नुसत्या उशा वाढवल्या तर मान दुमडते आणि घसा आणखी मिटतो.

कुशीवर झोपण्यासाठी बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. सौम्य-मध्यम आजारात, मास्क सहनच होत नसेल तर, दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण मापानं बनवून देतात. झोपण्याआधीचे चार तास दारू नको. सर्दीच्या गोळ्यांमधलं फिनायलेफ्रिन आणि दुखण्यावर सर्रास घेतलं जाणारं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही सगळी बीपी चढवतात. औषधाच्या दुकानात आधी ‘मला बीपी आहे’ सांगा.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, किंवा १८०/१२०च्या वर बीपी आणि त्यासोबत यातलं काही, असं असेल तर आकडा पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, १०८ला फोन करा. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर उपचार स्थिरावेपर्यंत स्टिअरिंगवर बसू नका, घाटात तर नाहीच.

मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल स्वतःहून सांगा. भुलेची आणि वेदनाशामक औषधं घसा सैल करतात, श्वास मंदावतात. दाखल होताना मशीन, मास्क आणि दाबाचा आकडा लिहिलेला कागद सोबत न्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या झोपेपासूनच मास्क लावायला सांगा.